हिशेब ज्याच्या हाती, रोजगार त्याच्या हाती

संगणक आणि मोबाइल यांमुळे रोजगार वाढतो की बुडतो, हा प्रश्न आपल्या बाजारपेठांत वारंवार विचारला जातो. कोणी म्हणतो, यंत्राने कारागिराचे हात रिकामे केले. कोणी म्हणतो, घरपोच माल पोहोचविणाऱ्या कंपन्यांनी किती तरी तरुणांना कामाला लावले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु खरा प्रश्न कामाच्या संख्येचा नसून कामाच्या दर्जाचा आहे. त्याचे उत्तर शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडीचा रस्ता लागतो. तेथे जुने यंत्रमाग आणि नवी गोदामे शेजारी शेजारी उभी आहेत.

चांगला रोजगार कशाला म्हणावे?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की प्रत्येक काम हे चांगले काम नसते. चांगल्या कामाच्या चार साध्या कसोट्या आहेत. मजुरी पुरेशी आणि ठरल्या वेळी मिळाली पाहिजे. केलेल्या कामाची लेखी नोंद असली पाहिजे. आजार, अपघात किंवा म्हातारपण आले तर काही आधार असला पाहिजे. आणि पाच वर्षांनंतर माणूस आज आहे त्यापेक्षा अधिक जाणकार झाला पाहिजे. या कसोट्यांवर घासून पाहिले म्हणजे नवे तंत्रज्ञान कोठे उपकारक ठरते आणि कोठे नाही, ते स्पष्ट होते.

मागाचे आणि संगणकाचे नाते

विणकराला संगणक परका वाटतो. वास्तविक तो त्याच्याच घराण्यातला आहे. १८०४ मध्ये फ्रान्समधील लियों शहरात जोसेफ मारी जाकार याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीने नक्षी विणणारी यंत्रणा मागावर बसविली. छिद्र असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे जागेवर राही. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कल्पना घेतली. १८९० ची अमेरिकेची जनगणना अशाच छिद्रांच्या कार्डांवर मोजली गेली. आज इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर तेच पुठ्ठे संगणकाच्या फाइलच्या रूपाने परत आले आहेत.

भिवंडीचा माग मात्र या वाटेवर मागे राहिला. १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातून विणकर कुटुंबे येथे येऊन वसली. पुढे हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली आणि भिवंडी देशातील मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक झाली. परंतु बहुतेक माग साधे, धोट्याचेच राहिले. त्यांवर ग्रे कापड निघते. ते कोणीही विणू शकतो. म्हणून त्याचा भाव दुसराच ठरवितो आणि मजुरीही मीटरवर अडकून पडते. धोट्याविना चालणाऱ्या रेपिअर मागावर कापड वेगाने आणि कमी दोषांचे निघते. तेवढ्याच कापडाला माणसे कमी लागतात, हे लपविण्यात अर्थ नाही. पण जी लागतात त्यांत नक्षीची फाइल तयार करणारा, इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त करणारा आणि मालाची तपासणी करणारा असतो. कसबाचे काम तेथे असते आणि मजुरीही कसबाची मागता येते.

गोदामातील नोंद कोणाची?

आता गोदामांकडे पाहू. भिवंडी मुंबईच्या जकात नाक्यांच्या बाहेर होती, शिवाय नाशिक महामार्गावर आणि न्हावा-शेवा बंदराच्या टप्प्यात. म्हणून व्यापाऱ्यांनी येथे माल साठविला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. तरीही गोदामे हलली नाहीत, उलट इंटरनेटवरील विक्रीमुळे वाढली. माल उतरविणे, स्कॅन करणे, बांधणे, गाडीत भरणे अशी कामे तेथे आहेत. अनेक घरांची चूल त्यावर पेटते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. तेथील स्कॅनर प्रत्येक पुडक्याची आणि प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवतो. ती नोंद कामगाराच्या हाती नसते. तो ठेकेदारामार्फत आलेला असेल तर पुष्कळदा पगाराची पावतीही त्याच्याजवळ नसते. दुचाकीवरून माल पोहोचविणाऱ्या तरुणाचेही तसेच. त्याने हजारो घरी वेळेवर माल दिला तरी कंपनी बदलली की त्याची पत शून्यापासून सुरू होते. नवे तंत्रज्ञान म्हणजे मुळात हिशेब ठेवण्याचे साधन आहे. हिशेब ज्याच्याकडे, लाभ त्याच्याकडे.

आपल्या नावाची नोंद

आता मुंब्र्यातील किंवा कल्याणमधील एखाद्या छोट्या शिवण कारखान्याची कल्पना करा. मालक शेठचा माल मजुरीवर शिवून देतो. व्यवहार कच्च्या चिठ्ठीवर, पैसे दोन-तीन महिन्यांनी तुकड्यातुकड्यांत. त्यामुळे कारागिरांची मजुरीही अडते. कसब असूनही तेथील रोजगार चांगला ठरत नाही. यावर उपाय मोबाइलच्या पडद्यावरच आहे.

१ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी इंटरनेटवर होते. तिला शुल्क नाही. एजंटला पैसे देण्याचे कारण नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत. न झाल्यास सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. मात्र त्यासाठी बिल आणि चलान हवे, आणि नोंदणी माल देण्यापूर्वीच करून ठेवलेली बरी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या तरतुदीचा लाभ मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

वस्तू व सेवा कराच्या नोंदणी मर्यादेखालील छोट्या विक्रेत्यालाही १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात इंटरनेट कंपन्यांमार्फत माल विकण्याची मुभा मिळाली. त्यासाठी केवळ नावनोंदणी क्रमांक लागतो. २०१६ पासून सुरू असलेल्या यूपीआयने आलेला प्रत्येक रुपया बँकेच्या खात्यात दिसतो. म्हणजे धंद्याचा पुरावा आपोआप तयार होतो.

कामगारासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये ‘ई-श्रम’ नोंदणी सुरू झाली. माल पोहोचविणाऱ्या तरुणांसारख्या कामगारांना २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने प्रथमच कायद्यात स्थान दिले. ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. त्यांच्या सुरक्षा निधीसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही, त्याच्यापर्यंत असा आधार पोहोचणार कसा?

कसब आणि फाइल

नोंदीइतकेच महत्त्व शिक्षणाला आहे. भरतकामाच्या संगणकीय यंत्रावर उभा राहणारा माणूस धागा बदलतो. पण टाका कोठून कोठे जावा, हे पंचिंग करणारा ठरवितो. पंचिंग शिकणे जरीकाम जाणणाऱ्याला सोपे जाते, कारण कापड कोठे खेचले जाईल हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. संगणक शिकलेल्या मुलाला ते पुन्हा शिकावे लागते. म्हणून बापाचे कसब आणि मुलाचा संगणक एकाच घरात एकत्र आले पाहिजेत. ठाणे आणि अंबरनाथ येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. दहावीनंतर मुलाला सरळ गोदामात पाठविण्याआधी तेथील अभ्यासक्रमांची चौकशी जरूर करावी.

मालकांची जबाबदारी

शेवटी एक गोष्ट कारखानदार बांधवांसाठी. शेठकडून वेळेवर पैसे मागणाऱ्याने आपल्या कारागिराची मजुरी तशीच वेळेवर आणि खात्यात जमा केली पाहिजे. त्याला पावती दिली पाहिजे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ती पाळण्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा या आठवड्यात एवढे तरी करावे: कच्ची चिठ्ठी बंद करून पहिले पक्के बिल फाडावे, आणि आपल्या कारागिराच्या हाती त्याच्या कामाची पहिली पावती द्यावी.