आधीं अडचण, मग यंत्र

वर्गांत नवें यंत्र आलें कीं शिक्षणाचा कायापालट होणार, अशी आशा प्रत्येक पिढींत नव्यानें प्रकट होते. १९१३ मध्यें थॉमस एडिसन यांनीं, चित्रपटांमुळें शाळांतून पुस्तकें लौकरच हद्दपार होतील, असें भाकित केलें होतें. पुस्तकें राहिलीं. पुढें रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणक यांच्या वाट्यालाही तीच आशा आली. ती सर्वस्वी खोटी नाहीं. परंतु ती केव्हां फळते व केव्हां करपते, हें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण तिच्यापायीं केवळ पैसाच नव्हे, तर मुलांचीं परत न येणारीं वर्षेंही खर्चीं पडतात.

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें खेड्यापाड्यांतील मुलांच्या हातीं लक्षावधि लहान संगणक दिले. या योजनेची परीक्षा ३१९ प्राथमिक शाळांतून करण्यांत आली. तिचा निष्कर्ष २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. संगणक मिळालेल्या शाळांतील मुलें तो चालविण्यांत तरबेज झालीं. तर्कबुद्धींतही थोडी भर पडल्याचें दिसलें. परंतु भाषा व गणित या विषयांत तीं इतर शाळांतील मुलांच्या पुढें गेलीं नाहींत. यंत्र आलें, पण अमुक धडा शिकवितांना त्याचें काय करावयाचें, हें ठरलेलें नव्हतें.

याच्या उलट अनुभव दिल्लींतील. तेथें सहावी ते नववीच्या ६१९ विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला व त्याचा वृत्तांत २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांना चिठ्ठ्या टाकून निवडलें, त्यांना शाळेच्या वेळेबाहेर ४५ मिनिटें संगणकावर व ४५ मिनिटें शिक्षकाजवळ, लहान गटांत, शिकावयास मिळालें. संगणकाची आज्ञावली प्रत्येक मुलाची पायरी प्रथम ओळखी व तेथूनच प्रश्न देई. गणितांत सहावीचीं मुलें सरासरी दोन-अडीच इयत्ता मागें होतीं. अशा मुलापुढें सहावीचें पुस्तक उघडणें म्हणजे खालची पायरी नसलेला जिना दाखविणें होय. साडेचार महिन्यांत या मुलांनीं गणित व हिंदी या दोन्ही विषयांत लक्षणीय मजल मारली. निवड न झालेल्यांपैकीं अगदीं कच्चीं मुलें मात्र जवळजवळ होतीं तेथेंच राहिलीं. एका वर्गांत अनेक पायऱ्यांवरचीं मुलें बसलेलीं असतात, ही शिक्षकाची खरी अडचण. या आज्ञावलीनें नेमकी तीच हातीं घेतली होती.

एक साधा धडा घ्यावा. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश होते, हें दाखविण्यास कागद व कात्री पुरेशी आहे. तिन्ही कोपरे कापून शेजारीं शेजारीं मांडले कीं सरळ रेषा बनते. परंतु एकाच पायावर व त्याच समांतर रेषांमध्यें काढलेले सर्व त्रिकोण समक्षेत्र असतात, हें फळ्यावरील दोन-तीन आकृतींनीं मनांत ठसत नाहीं. मार्कुस होहेनवार्टर यांनीं २००१ मध्यें सुरू केलेल्या जिओजेब्रा या साधनांत मूल शिरोबिंदु बोटानें सरकवितें. आकार पालटतो, क्षेत्रफळ हालत नाहीं. हालचाल हाच धड्याचा प्राण असेल तेथें पडदा शोभतो. एरवीं खडूच स्वस्त व जलद.

साधन थोर असावेंच लागतें असेंही नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. फोन त्यावर धरला कीं कविता ऐकूं येई, धडा पाहतां येई. कन्नड ही ज्यांची घरची भाषा, त्यांच्यासाठीं त्यांनीं पुस्तकांचें भाषांतरही केलें. २०१७ मध्यें महाराष्ट्र शासनानें ही कल्पना राज्यभर स्वीकारली, व २०२० मध्यें डिसले यांना जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें. येथें यंत्रानें पुस्तकाला हुसकलें नाहीं. पुस्तकालाच वाचा फुटली.

यावरून निवडीचे कांहीं प्रश्न सहज निघतात. कोणती अडचण दूर व्हावयाची आहे? मूल नुसतें पाहणार, कीं स्वतः कांहीं करणार? त्याची चूक शिक्षकास त्याच दिवशीं कळेल काय? वीज गेली तर तास वायां जाईल काय? आणि मुलाविषयींची जी माहिती यंत्रांत सांठते, ती अखेर कोणाच्या हातीं पडते? पहिल्या प्रश्नास उत्तर नसेल, तर पुढचे विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

शाळेंत दाखविलेल्या नव्या पडद्याकडे पाहून भारावणाऱ्या पालकांनींही हेच प्रश्न विचारावे. शाळेनें काय विकत घेतलें, यापेक्षां आपल्या मुलाची कोणती पायरी सुटली आहे व ती कोण भरून काढणार आहे, याचें उत्तर त्यांना मिळालें पाहिजे.