तेरड्याचा रंग खरंच तीन दिवस?
रानफुलांच्या वाफ्याबद्दलचे गैरसमज

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्यानं रूढ केली, त्यानं तेरडा बहुधा खुडून पाहिला असावा. मातीत उभा असलेला तेरडा ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फुलत राहतो. एकेक फूल दोन-चार दिवसांत गळतं, पण तोवर वरच्या पेरावर दुसरं उमललेलं असतं. फुलामागे शेपटीसारखी बारीक नळी असते. मध त्या नळीत साठतो, आणि तो मिळवायला लांब सोंडेच्या माश्या, फुलपाखरं दिवसभर येत-जात असतात.

आमच्या इमारतीमागे कुंपणालगत वीस फूट लांब, सहा फूट रुंद पट्टी रिकामी पडून होती. परागवाहक किड्यांसाठी तिथे रानफुलं पेरायची, असं आम्ही काही शेजाऱ्यांनी ठरवलं. त्या पट्टीनं आमचे बरेच समज खोटे पाडले.

गैरसमज : पाकिटावर ‘वाइल्डफ्लॉवर’ लिहिलंय, म्हणजे बी देशी.

वस्तुस्थिती : पहिल्या वर्षी आम्ही असंच एक पाकीट आणलं. सप्टेंबरात पट्टी नारिंगी-पिवळी झाली आणि सगळे खूश झाले. पण तो होता कॉसमॉस, सोबत थोडं झिनिया आणि गेलार्डिया. पहिली दोन मेक्सिकोची, तिसरं उत्तर अमेरिकेतलं. हाच कॉसमॉस आज महाराष्ट्रात रस्त्यांच्या कडेनं आणि माळांवर पसरत चालला आहे. मराठी नाव हाही पुरावा नव्हे. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, सदाफुली मादागास्करची.

कॉसमॉसवर फुलपाखरं बसतात, हे खरं. मध प्यायला त्यांना बरीच फुलं चालतात. पण अळीला ठरलेलंच पान लागतं. बिबळ्या कडवा हे नारिंगी फुलपाखरू अंडी घालतं ते रुईवर किंवा तिच्या कुळातल्या झाडांवर. नुसतं मधाचं दुकान मांडलं आणि बाळंतपणाची सोय केली नाही, तर फुलपाखरू पाहुण्यासारखं येतं आणि जातं.

गैरसमज : खरी रानफुलं हवीत तर कासचं बी आणावं.

वस्तुस्थिती : अजिबात आणू नये. कास 2012 पासून जागतिक वारशाचा दर्जा लाभलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि तिथून काहीही उचलायला मनाई आहे. शिवाय ते जगणारही नाही. कास म्हणजे जांभ्या दगडाचा सडा, वर मातीचा पातळ थर. तिथली जांभळी ‘सीतेची आसवं’ पाण्यातले बारीक जीव पकडून खाते, कारण त्या मातीत पोषण जवळपास नसतंच. तिला आपल्या वाफ्यात काय आवडणार?

बी आपल्याच पंचक्रोशीतलं घ्यावं. पडीक जागा, बांध, ओढ्याचा काठ. मालकाला विचारून, मूठभर, आणि बहुतेक बी जागेवरच ठेवून. आमच्या पट्टीत तेरडा, रानतीळ, कवला, खुळखुळा, केना आणि द्रोणपुष्पी अशी साधीच मंडळी आहेत. सोनकीचं बी आणलं होतं. तिला आमचा सखल भाग मानवला नाही.

तेरड्याचं बी गोळा करणं हा एक खेळच आहे. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते तडकतं, साली स्प्रिंगसारख्या वळतात आणि बी अंगावर उडतं. बोंड पिवळसर झालं की त्यावर मलमलीची चिंधी सैल बांधून ठेवायची, म्हणजे बी चिंधीतच राहतं.

गैरसमज : जमीन खोल खणून भरपूर शेणखत घालावं.

वस्तुस्थिती : भाजीच्या वाफ्याला हे ठीक, रानफुलांना घातक. खताचा फायदा आधी गवत आणि तण घेतं. फुलझाडं त्यांच्याखाली गुदमरतात. खोल खणलं तर मातीत वर्षानुवर्षं निजलेलं तणाचं बी वर येतं. त्यात सगळ्यात द्वाड गाजर गवत. 1950च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि तिथून देशभर गेलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं.

सोपा उपाय असा : वळवाचे एक-दोन पाऊस होऊ द्यावेत. तण उगवून दोन बोटं वर आलं की खुरप्यानं वरवर खरडून काढावं. आठवड्यानं पुन्हा तेच. मगच पेरावं. पावसाची वाट बघायची नसेल तर मे महिन्यात झारीनं पाणी देऊनही तणाला असं फसवता येतं.

गैरसमज : बी फेकलं की झालं, त्याच वर्षी बहर.

वस्तुस्थिती : नुसतं फेकलेलं बी मुंग्या नेतात नाहीतर पहिल्या सरीत वाहून जातं. बारीक बी चौपट-पाचपट कोरड्या वाळूत मिसळून विखरावं आणि वरून फळीनं दाबावं. मातीआड खोल गाडू नये. खुळखुळ्यासारख्या शेंगवर्गी झाडांच्या बियांचं कवच टणक असतं. त्या पॉलिश पेपरवर हलक्या घासून रात्रभर भिजवल्या तर लवकर रुजतात. नाहीतर त्यातल्या काही पुढच्या पावसापर्यंत तशाच पडून राहतात. त्या मेल्या असं समजून पट्टी पुन्हा खणून टाकू नये. आम्ही ती चूक एकदा केली आहे.

गैरसमज : परागीभवन म्हणजे मधमाशी.

वस्तुस्थिती : पोळं करणाऱ्या आग्या, सातेरी, फुलोरी आपल्या ओळखीच्या. पण भारतात माश्यांच्या सातशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकेकट्या राहतात : ना पोळं, ना राणी. कोणी मातीत बीळ करते, कोणी पोकळ काडीत. गुलाबाच्या पानाला कातरीनं कापल्यासारखा गोल तुकडा गेलेला दिसतो, ती अशाच एका माशीची करामत.

वांग्याच्या फुलात पराग केसराच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर पडतो. निळ्या पट्ट्यांची माशी किंवा काळा भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग झरतो. सातेरीला ही कला येत नाही. ज्याच्या कुंडीत वांगी-टोमॅटो आहेत, त्यानं या दोघांसाठी तरी थोडी जागा राखावी.

चावण्याची भीती? फुलावर बसलेली माशी पोटाच्या उद्योगात असते. ती चावते सहसा चिरडली तरच. सावध राहायचं ते आग्याच्या पोळ्याजवळ.

गैरसमज : पाऊस सरला की फुलं संपली, वाळलेलं सगळं काढून जागा स्वच्छ करावी.

वस्तुस्थिती : कडेला दोन-तीन झुडपं लावली तर रसद तुटत नाही. कोरांटी आणि अडुळसा थंडीत फुलतात, रुई तर जवळपास बारमाही. आणि वाळलेलं म्हणजे कचरा नव्हे. कापणी करायची ती बी झडल्यावर, डिसेंबरात, विळ्यानं वीतभर बुडखे ठेवून. कापलेलं चार दिवस जागेवरच पसरावं, उरलेलं बी झडू द्यावं, मग उचलावं. जाळू नये. आणि हातभर जमीन मुद्दाम उघडी, न तुडवता ठेवावी, बिळं करणाऱ्या माश्यांसाठी.

हे शेजाऱ्यांच्या गळी उतरवणं पेरणीपेक्षा अवघड गेलं. ऑक्टोबर संपता संपता एका काकांनी ‘हा पालापाचोळा कधी काढणार?’ म्हणून विचारलंच. त्यांना संध्याकाळी सहाला खाली बोलावलं. रानतिळाच्या एका वाळक्या काडीवर निळ्या पट्ट्यांच्या पाच माश्या ओळीनं लटकल्या होत्या. या जातीतले नर असेच झोपतात, काडी जबड्यात घट्ट धरून. काका वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘विळा राहू द्या. डिसेंबरात बघू.’