शर्करा आणि मेद यांमधील इंधनबदल : लंघन सांगण्यापूर्वी काही विचार

लंघन हा शब्द उच्चारताच रुग्णाच्या डोळ्यांपुढे उपवास उभा राहतो. चरकाचार्यांनी मात्र सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले असून त्यांत उपवासाला लागूनच व्यायामाचा निर्देश आहे. शरीरातील इंधनबदलाचे आधुनिक ज्ञान पाहता हे शेजारपण आम्हांस अर्थपूर्ण वाटते. हा बदल घडविणारी विकरे कोणती व ती कशी चालतात, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा मानस आहे. विषय रसायनशास्त्राचा असला, तरी प्रमेही रुग्णास लंघन सांगताना घ्यावयाच्या काळजीशी त्याचा थेट संबंध आहे.

शरीरास मुख्यतः दोन इंधने उपलब्ध असतात. शर्करेचा साठा अल्प असतो. यकृतात सुमारे १०० ग्रॅम व स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन. मेदाचा साठा मात्र सडपातळ व्यक्तीतही कित्येक किलो भरतो, आणि शर्करेच्या एका ग्रॅमपासून ४ किलोकॅलरी मिळतात तेथे मेदापासून ९ मिळतात. कोणते इंधन जळत आहे हे श्वासावरून ओळखता येते. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड व वापरला गेलेला प्राणवायू यांचे गुणोत्तर केवळ शर्करा जळत असता १, तर केवळ मेद जळत असता ०.७ च्या आसपास असते. निरोगी व्यक्तीत जेवणानंतर ते वर चढते आणि रात्रभराच्या उपाशी अवस्थेत खाली उतरते.

दोन्ही इंधने पेशीतील तंतुकणिकांत अखेर ॲसिटिल-कोए या एकाच पदार्थात रूपांतरित होतात. परंतु तेथे पोहोचण्याचे दरवाजे निरनिराळे आहेत. शर्करेच्या दरवाजावर पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज हा विकरसमूह असतो. ग्लुकोजपासून निर्माण झालेल्या पायरुव्हेटचे तो ॲसिटिल-कोएमध्ये रूपांतर करतो व त्यासाठी त्यास थायमिन, म्हणजेच ब१ जीवनसत्त्व लागते. ही क्रिया उलट फिरत नाही. म्हणूनच नेहमीच्या मेदाम्लांपासून शरीरास ग्लुकोज बनविता येत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. या समूहावर फॉस्फेट जोडून त्यास बंद करण्याचे काम एक कायनेज करते, तर फॉस्फेटेज ते काढून त्यास पुन्हा चालू करते. मेद जळू लागला की साठणारे ॲसिटिल-कोए या कायनेजला चेतविते. उपवास लांबल्यास स्नायूंत त्या कायनेजचे प्रमाणही वाढते. म्हणजे जळता मेद शर्करेचा दरवाजा स्वतःच लोटून घेतो. या दोन इंधनांतील स्पर्धेची मांडणी फिलिप रँडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली केली.

मेदाच्या दरवाजाची रचना तर याहून रंजक आहे. लांब साखळीची मेदाम्ले तंतुकणिकेत थेट शिरू शकत नाहीत. त्यांना कार्निटीनचा हात धरावा लागतो आणि ती जोडणी सीपीटी-१ हे विकर करून देते. जेवणानंतर इन्शुलिन वाढले की ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज कार्यप्रवण होऊन मॅलोनिल-कोए तयार करते. यकृतात नवा मेद बांधण्याचा हा पहिला दगड. आणि नेमका हाच पदार्थ सीपीटी-१ ला रोखून धरतो, हे मॅकगॅरी आदींनी १९७७ मध्ये दाखविले. एका हाताने मेद बांधावा आणि दुसऱ्या हाताने तोच जाळावा, असा कारभार त्यामुळे टळतो. याउलट स्नायू आकुंचन पावू लागून पेशीतील ऊर्जा खर्ची पडली की एएमपी-कायनेज जागृत होते, कार्बोक्सिलेजला थांबविते, मॅलोनिल-कोए घटते आणि मेदाम्लांची वाट मोकळी होते. उपाशी अवस्थेत इन्शुलिन उतरून ग्लुकॅगॉन वाढले असता यकृतातही याच कार्बोक्सिलेजला आळा बसतो. व्यायाम आणि उपवास एकाच कडीला हात घालतात, तो असा.

येथे एक विषयांतर. 'विकर म्हणजेच धात्वग्नी' असे समीकरण अनेकदा मांडले जाते. ते आम्हांस घाईचे वाटते. तेरा अग्नींची कल्पना कार्यावरून केलेली आहे, तर विकरे ही हजारोंच्या संख्येने असणारी, बहुतांशी प्रथिनरूप द्रव्ये आहेत. तुलना बोधप्रद आहे. तिच्या पलीकडे जाण्याची आवश्यकता नाही.

आता रोगावस्थेकडे वळू. केली आणि मँडरिनो यांनी २०००च्या सुमारास असे मांडले, की इन्शुलिनला दाद न देणाऱ्या स्थूल व्यक्तींच्या स्नायूंत हा बदलच बोथट होतो. उपाशी असता ते स्नायू पुरेसा मेद जाळत नाहीत आणि इन्शुलिन चढले तरी शर्करेकडे पुरते वळत नाहीत. व्यायामाने ही लवचीकता बऱ्याच अंशी सुधारते, म्हणून स्थूल प्रमेहीस आधी व्यायाम आणि मग उपवास, असा आमचा कल आहे. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासाविषयी फार लिहावयास नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो पोटात गेला की इन्शुलिन चढते, मॅलोनिल-कोए वाढते आणि मेदाचा दरवाजा बंद होतो. पुण्य लाभत असेल. लंघन घडत नाही.

खरा धोका औषध चालू असलेल्या रुग्णात आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी औषधे रुग्ण उपाशी असला तरी इन्शुलिन स्रवविणे चालूच ठेवतात. अशा वेळी यकृतातील ग्लायकोजेन ओसरत असते. मेदपेशींतील लायपेज इन्शुलिनमुळे दबलेले राहते, त्यामुळे मेदाम्ले सुटत नाहीत व मेंदूस पर्याय म्हणून लागणारे कीटोनही बनत नाहीत. मेद मुबलक असूनही त्यापासून ग्लुकोज करता येत नाही, हे वर सांगितलेच आहे. घाम, कंप, भ्रम, मूर्च्छा ही लक्षणे त्यातून उद्भवतात. यास्तव औषधांचा कागद पाहिल्याशिवाय आणि ती देणाऱ्या चिकित्सकाशी बोलून मात्रा ठरविल्याशिवाय लंघन सांगू नये. कृश प्रमेहीस तर चरकाचार्यांनीच बृंहण सांगितले आहे. ज्याच्या शरीरात इन्शुलिनच उरलेले नाही असा रुग्ण बहुधा याच वर्गात मोडतो.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांची गोष्ट वेगळी. ती मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात. त्यामुळे इन्शुलिन उतरते, ग्लुकॅगॉन चढते आणि यकृतात सीपीटी-१ चा दरवाजा सताड उघडतो. त्यात उपवासाची भर पडली तर कीटोन साचून रक्त आम्ल होऊ शकते, आणि तेही रक्तशर्करा फारशी वाढलेली नसताना. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली याविषयी इशारा दिला. हृल्लास, छर्दी, उदरशूल, ग्लानी अशी लक्षणे घेऊन रुग्ण येतो. ती आमाची समजून आणखी लंघन दिले, तर ज्या आगीत तो होरपळत आहे तीच वाढते. ही औषधे घेणाऱ्या रुग्णात अशी लक्षणे दिसल्यास ग्लुकोमीटरचा आकडा २००च्या आत असला तरी त्यावर विसंबू नये. रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवून कीटोनची व रक्तातील आम्लतेची तपासणी करवून घ्यावी, आणि सोबतच्या चिठ्ठीत त्या औषधाचे नाव स्पष्ट अक्षरांत लिहावे.