संकेतस्थळाच्या नावाचा ठावठिकाणा

कोल्हापुरात पंचगंगेच्या पाण्याची पातळी ज्या राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते तो बंधारा कसबा बावड्यात असल्यामुळे पावसाळ्याच्या दिवसांत या उपनगराचे नाव सगळ्या जिल्ह्याच्या तोंडी असते. 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात, आणि 2019 चा ऑगस्ट व 2021 चा जुलै ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मात्र पूर्वी पातळीचा ताजा आकडा नदीकाठावरून किंवा आकाशवाणीवरून कळत असे, तर आता तो मोबाइलवर येतो आणि त्याच्यासोबत अनेकदा एखाद्या संकेतस्थळाचा दुवाही येतो. पातळीची माहिती, पूरग्रस्तांसाठीच्या मदतीचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, वीजबिलाची थकबाकी अशा नाना कारणांनी आलेल्या या दुव्यांपैकी खरा कोणता आणि बनावट कोणता, हे पानाच्या रंगरूपावरून ओळखता येत नाही, कारण बोधचिन्हे, छायाचित्रे आणि मांडणी यांची हुबेहूब नक्कल कोणीही करू शकतो. नक्कल करता येत नाही ती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे डोमेन नाव, अर्थात महाजालावरील संकेतस्थळाचे नोंदणीकृत नाव. या नावाची चौकशी थेट नोंदवहीकडे करण्याची साधने बहुतेक संगणकांत आधीपासूनच असतात किंवा विनामूल्य मिळतात, तरीही संगणकशास्त्राच्या वर्गाबाहेर ती फारशी कोणाला ठाऊक नसतात.

महाजालावरील प्रत्येक यंत्राची ओळख प्रत्यक्षात आकड्यांनी होते. आयपी पत्ता या नावाने ओळखला जाणारा हा आकडा जुन्या पद्धतीत 32 बिटांचा, म्हणजे सुमारे 4 अब्ज 29 कोटी पत्ते पुरवणारा, तर नव्या पद्धतीत 128 बिटांचा असतो. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावे आली. आरंभीच्या काळात सर्व नावे आणि आकडे यांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या विभागाकडून सांभाळली जात असे आणि जाळ्यातील प्रत्येक यंत्र ती यादी वेळोवेळी उतरवून घेत असे. यंत्रांची संख्या वाढू लागताच ही पद्धत कोलमडू लागली, आणि 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी एका मोठ्या यादीऐवजी अनेकांत वाटून दिलेली नोंदवही सुचवली. डोमेन नेम सिस्टिम, किंवा आद्याक्षरांनी डीएनएस, असे नाव असलेली ही व्यवस्था जगात कोठेही संपूर्ण स्वरूपात एका जागी ठेवलेली नाही. प्रत्येक जण आपापल्या वाट्याच्या नावांची नोंद ठेवतो आणि उरलेल्यांसाठी पुढच्याकडे बोट दाखवतो.

पत्रावरील पत्त्यात जसे आधी घर, मग कसबा बावडा, मग करवीर तालुका, जिल्हा आणि शेवटी राज्य येते, तसेच डोमेन नावही लहानाकडून मोठ्याकडे लिहिले जाते, आणि म्हणून ते उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय लावून घेणे आवश्यक ठरते. कोल्हापूर जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ ‘कोल्हापूर डॉट जीओव्ही डॉट इन’ या नावाने आहे. त्यातील शेवटचे ‘इन’ हे भारताचे चिन्ह 1989 मध्ये अस्तित्वात आले, आरंभी त्याची व्यवस्था मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती, आणि 2005 च्या आरंभी नोंदणी सर्वांसाठी मोकळी झाल्यापासून ती निक्सी ही संस्था पाहते. ‘जीओव्ही डॉट इन’ खालील नावे केवळ शासकीय कार्यालयांना आणि तीही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फतच मिळतात. त्याच धर्तीवर शिवाजी विद्यापीठाच्या ‘युनिशिवाजी डॉट एसी डॉट इन’ या नावातील ‘एसी डॉट इन’ हा भाग शिक्षणसंस्थांसाठी राखीव असून त्याची नोंदणी अर्नेट इंडिया करते. याउलट कोणी ‘कोल्हापूर डॉट जीओव्ही डॉट इन’ एवढे शब्द सुरुवातीला ठेवून त्यांच्यापुढे आणखी एखादा शब्द आणि ‘डॉट कॉम’ जोडला, तर ते नाव शासनाचे राहत नाही, कारण मालकी ठरते ती उजव्या टोकाकडून. फसवणुकीचे दुवे बहुतेक वेळा याच एका गैरसमजावर उभे असतात.

आता प्रश्न राहतो चौकशीचा. कमांड लाइन म्हणजे चित्रे आणि बटणे यांच्याऐवजी अक्षरांत आज्ञा लिहून संगणकाकडून काम करून घेण्याची खिडकी. विंडोजमध्ये ती कमांड प्रॉम्प्ट या नावाने, तर मॅक आणि लिनक्समध्ये टर्मिनल या नावाने उघडते. ब्राउझरमध्ये दुवा उघडून पाहणे आणि कमांड लाइनवर नावाची चौकशी करणे यांत मोठा फरक आहे. ब्राउझर त्या संकेतस्थळाच्या दारात जाऊन उभा राहतो, त्याचे पान आणि त्यातील लपवलेला मजकूर आत घेतो, तर कमांड लाइनवरील चौकशी संकेतस्थळाला स्पर्शही न करता नोंदवहीला विचारली जाते. संशयास्पद दुव्याच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो.

विंडोजमध्ये ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा तयारच असते. ती रोमन अक्षरांत लिहून, एक जागा सोडून डोमेन नाव लिहिले आणि एंटरची कळ दाबली की त्या नावामागचा आयपी पत्ता समोर येतो. मॅकमध्ये आणि लिनक्समध्ये याहून तपशीलवार उत्तर देणारी ‘डिग’ ही आज्ञा वापरली जाते. डी, आय, जी अशा तीन अक्षरांची ही आज्ञा, डीएनएसचे सर्वाधिक प्रसिद्ध सॉफ्टवेअर असलेल्या बाइंडसोबत वितरित होते, आणि बाइंडचा जन्म 1980 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झाला.

डिगचे उत्तर पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते क्लिष्ट वाटते, पण त्यातील प्रत्येक ओळीला अर्थ असतो. वरच्या भागात ‘स्टेटस’ या शब्दापुढे ‘नो-एरर’ असेल तर चौकशी सुरळीत पार पडली, आणि ‘एनएक्स-डोमेन’ असेल तर असे नाव नोंदवहीत अस्तित्वातच नाही, असे समजावे. त्याखाली विचारलेला प्रश्न आणि मग उत्तराची ओळ येते. या ओळीत प्रथम नाव असते व त्याच्या शेवटी एक जास्तीचे टिंब दिसते. ते छपाईची चूक नसून सगळ्या नावांच्या मुळाशी असलेल्या रूटचे चिन्ह आहे. त्यानंतरचा आकडा सेकंदांचा असून त्याला टीटीएल म्हणतात, आणि उत्तर तितका वेळ जवळ साठवून पुन्हा वापरण्यास हरकत नाही असा त्याचा आशय असतो. तो 300 असेल तर पाच मिनिटे, 86400 असेल तर एक संपूर्ण दिवस. संकेतस्थळ दुसऱ्या यंत्रावर हलवल्यानंतरही काही जणांना जुनेच पान दिसत राहते ते याच कारणाने. पुढे येणारी ‘आय-एन’ ही अक्षरे भारताची नसून इंटरनेट या शब्दाची आहेत. त्यापुढचे अक्षर नोंदीचा प्रकार सांगते. ‘ए’ म्हणजे जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता, चार वेळा ‘ए’ म्हणजे नव्या पद्धतीचा, ‘सीनेम’ म्हणजे हे नाव दुसऱ्या एका नावाकडे वळवलेले आहे, ‘एनएस’ म्हणजे नोंद सांभाळणाऱ्या सर्व्हरचे नाव, आणि ‘एमएक्स’ म्हणजे त्या नावाने येणारे ई-मेल स्वीकारणारे यंत्र. सर्वांत खाली उत्तर किती मिलिसेकंदांत आले आणि कोणत्या सर्व्हरने दिले याची नोंद असते. उत्तर देणाऱ्याचे नाव उत्तरासोबतच छापलेले असावे ही शिस्त माहितीच्या आजच्या बाजारात दुर्मीळ आहे, आणि कमांड लाइनचे खरे मोल तिच्यात आहे.

याच आज्ञेला अधिकचे चिन्ह लावून ‘ट्रेस’ हा शब्द जोडला तर नाव शोधण्याचा संपूर्ण प्रवास पडद्यावर उलगडतो. सर्वांत आधी रूट सर्व्हर येतात. ‘ए’पासून ‘एम’पर्यंत 13 अक्षरांनी ओळखले जाणारे हे सर्व्हर 12 संस्था चालवतात आणि त्यांच्या प्रती मुंबईसह जगभर अनेक शहरांत ठेवलेल्या आहेत. ते ‘डॉट इन’ सांभाळणाऱ्या सर्व्हरांकडे पाठवतात, ते पुढे त्या विशिष्ट नावाची अंतिम नोंद ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे, आणि तेथे उत्तर मिळते. कसबा बावड्यातील डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांत संगणकाच्या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा ही एक आज्ञा अधिक शिकवून जाईल, असे निःसंकोच म्हणता येते.

नाव कोठे नेते हे डिग सांगते, परंतु ते कोणी आणि केव्हा घेतले याचे उत्तर ‘हूइज’ ही दुसरी आज्ञा देते. 1982 मध्ये तिचे पहिले अधिकृत वर्णन प्रसिद्ध झाले, म्हणजे ती डीएनएसपेक्षाही वयाने मोठी आहे. मॅकवर ती उपलब्ध असते, लिनक्सवर सहज घालून घेता येते, आणि विंडोजवर ती वेगळी उतरवून घ्यावी लागते. तिच्या उत्तरात रजिस्ट्रार, म्हणजे ज्या कंपनीमार्फत नाव घेतले तिचा उल्लेख, नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि नाव परस्पर दुसरीकडे हलवण्यास बंदी असल्यास तसा शेरा असतो. पूर्वी नाव घेणाऱ्या व्यक्तीचा पत्ता आणि दूरध्वनीही येथे उघड दिसत असे. युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नियम 25 मे 2018 पासून लागू झाल्यानंतर बहुतेक नोंदींतील हा तपशील झाकला गेला. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण नावांसाठी हूइज पुरवण्याचे बंधनही 28 जानेवारी 2025 पासून उठले असून त्याची जागा आरडॅप या नव्या, अधिक नेटक्या पद्धतीने घेतली आहे. व्यक्तीचे नाव झाकले गेले तरी तारीख झाकली जात नाही, आणि सामान्य वाचकासाठी तारीखच सर्वांत बोलकी असते. अनेक दशकांची परंपरा सांगणाऱ्या पेढीचे किंवा देवस्थानच्या भक्तनिवासाचे म्हणून जे नाव समोर आले आहे ते मागच्याच आठवड्यात नोंदवलेले असेल, तर पैसे भरण्यापूर्वी थांबलेच पाहिजे.

सहकारी बँकांचे दाट जाळे असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यासाठी अलीकडे झालेला एक बदल विशेष महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेने 2025 च्या फेब्रुवारीत बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव टोक जाहीर केले आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे त्याखाली न्यावीत असे एप्रिलमधील परिपत्रकाद्वारे सांगितले. या टोकाची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेखेरीज अन्य कोणाकडेही होत नाही. त्यामुळे बँकेच्या खरेपणाची पहिली कसोटी आता नावाच्या उजव्या टोकावरच लागते. पतसंस्था मात्र कायद्याने बँक नसल्याने त्यांची नावे या टोकाखाली दिसणार नाहीत, हेही ठेवीदारांनी ध्यानात ठेवावे.

देवनागरीतील नावांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘डॉट भारत’ हे टोक 27 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झाले आणि त्याच्या भाषांत मराठीचा समावेश आहे. डीएनएस मात्र आजही आतून रोमन अक्षरांवरच चालते, म्हणून देवनागरी नाव प्युनिकोड नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांच्या आणि अंकांच्या माळेत रूपांतरित केले जाते. त्या माळेच्या आरंभी ‘एक्स’, ‘एन’ आणि दोन आडव्या रेघा असतात, आणि डिगच्या उत्तरात हे रूप दिसले तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. सावधगिरी हवी ती ऱ्हस्व-दीर्घाबाबत, कारण मराठी वळणाचे ‘कोल्हापूर’ आणि हिंदी वळणाचे ‘कोल्हापुर’ ही संगणकाच्या लेखी दोन पूर्णपणे स्वतंत्र नावे असून ती दोन वेगवेगळ्या मालकांकडे असू शकतात. रोमन लिपीतही ‘ओ’च्या जागी शून्य किंवा ‘एल’च्या जागी एकचा आकडा घालून तसाच चकवा दिला जातो.

या चौकशीला मर्यादाही आहेत. नोंद व्यवस्थित आहे म्हणून मजकूर खरा आहे असे होत नाही, आणि नवे नाव म्हणजे लबाडीच असेही नाही, कारण उद्या सुरू होणाऱ्या प्रामाणिक दुकानाचे नावही नवेच असणार. शिवाय डोमेन नाव विकत घेतले असे म्हटले जात असले तरी ते प्रत्यक्षात मुदतीवर मिळते आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येते. मुदत संपून नूतनीकरण झाले नाही तर तेच नाव पुढे दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि जुन्या संस्थेच्या लौकिकावर आपला व्यवहार चालवू शकतो. गावोगावच्या शिक्षणसंस्था, सहकारी संस्था, तालमी आणि वाचनालये यांची नावे पुष्कळदा संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर नोंदवलेली असतात, आणि तो माणूस व्यवसाय सोडून गेला की संस्थेच्या हातात काही उरत नाही. म्हणून प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीने आपल्या नावाची मुदत हूइजवर एकदा तपासावी आणि नोंदणीचे खाते संस्थेच्याच नावावर करून घ्यावे.

एखादे नाव बनावट असल्याची खात्री पटल्यास हूइजच्या उत्तरात रजिस्ट्रारकडे गैरवापराची तक्रार करण्यासाठीचा ई-मेल पत्ता बहुधा दिलेला असतो, त्यावर दुव्यासह कळवावे, आणि पैसे गेले असतील तर वेळ न दवडता 1930 या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीवर दूरध्वनी करावा.