अशील, वकील आणि अलीकडचे निवाडे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा जेथे आरंभ होतो आणि शीव-पनवेल महामार्ग, मुंब्र्याकडून येणारा रस्ता व न्हावा-शेव्याच्या बंदराची वाट जेथे एकत्र येतात, त्या कळंबोलीत कोर्टाची पायरी चढण्याची कारणे मुबलक आहेत. लोखंड बाजारातला व्यवहार बहुतांशी उधारीवर आणि पुढील तारखेच्या धनादेशांवर चालतो, म्हणून न वटलेल्या धनादेशांच्या फिर्यादी होतात. रात्रंदिवस अवजड वाहने धावतात, म्हणून अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे होतात. आणि ज्या भूमिपुत्रांच्या शेतजमिनी संपादून सिडकोने ही वसाहत उभी केली, त्यांच्या मोबदल्याचे व साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांच्या वाटणीचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात. ही प्रकरणे पनवेलच्या न्यायालयात, काही जिल्ह्याच्या ठिकाणी अलिबागला आणि पुढे अपिलात मुंबईच्या उच्च न्यायालयात जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले तेव्हा कोकणातील रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या अधिकारक्षेत्रात गेले. कळंबोली ज्यात येते तो रायगड जिल्हा मात्र मुंबईकडेच राहिला.

कोर्टाची पायरी चढणाऱ्या या सर्व माणसांना समान असलेली एक गोष्ट म्हणजे त्यांनी सही केलेले वकीलपत्र. त्या कागदाने नेमके कोणते नाते जोडले जाते, वकिलावर कोणते दायित्व येते आणि अशिलाला कोणता अधिकार मिळतो, याविषयी गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निर्णय वकीलवर्गात पुष्कळ चर्चिले गेले. परंतु ज्याच्या घामाचा पैसा त्या खटल्यात गुंतलेला असतो, त्या अशिलापर्यंत ते फारसे पोहोचलेले नाहीत, आणि मला याचीच खंत अधिक वाटते.

१४ मे २०२४ चा डी. के. गांधी प्रकरणातील निवाडा यांत सर्वांत महत्त्वाचा. न वटलेल्या वीस हजार रुपयांच्या धनादेशाची वसुली करण्यासाठी दिल्लीतील एका गृहस्थाने वकील नेमला. पैसे आले, पण ते आपल्या हाती न देता वकिलाने पाच हजार रुपये रोख मागितले, अशी त्याची तक्रार होती. तो ग्राहक मंचाकडे गेला. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निर्णय दिला, आणि सतरा वर्षांनी न्यायमूर्ती बेला त्रिवेदी व न्यायमूर्ती पंकज मिथल यांच्या पीठाने तो फिरवला. वकील अशिलाच्या सूचनेबाहेर जाऊन तडजोड करू शकत नाही, कबुली देऊ शकत नाही, त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या पावलावर अशिलाचे नियंत्रण असते. म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार असून बाजारात विकत घेतल्या जाणाऱ्या सेवांत त्याची गणना करता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सार आहे.

‘आता वकिलाविरुद्ध दादच मागता येणार नाही’ असा जो समज या निर्णयानंतर पसरला, तो सर्वथा चुकीचा आहे. हयगय झाली तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा पूर्वीप्रमाणेच लावता येतो, आणि व्यावसायिक गैरवर्तन घडले तर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. बंद झाला तो केवळ ग्राहक मंचाचा मार्ग. माझ्या मते न्यायालयाचा युक्तिवाद अशिलाच्या हिताचाच आहे, कारण त्याने अशिलाला गिऱ्हाईक न मानता सूचना देणारा मालक मानले. पण तो मालक आहे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि पनवेलच्या कोर्टाबाहेर कोऱ्या वकीलपत्रावर सही करणाऱ्या शेतकऱ्याला ते कळले नाही, तर एवढ्या विद्वत्तापूर्ण निवाड्याचा त्याला काय उपयोग?

मेहनतान्याचा प्रश्न तर याहूनही जिव्हाळ्याचा. भूसंपादनाच्या आणि अपघाताच्या प्रकरणांत ‘निकाल लागला की मिळेल त्याचे इतके टक्के’ असा ठराव होत असल्याचे आपण ऐकतो. पदरी पैसा नसलेल्या विधवेला तो सोयीचा वाटतो हे खरे. परंतु बार कौन्सिलच्या नियमांनी अशा ठरावास मनाई केलेली आहे. तेलंगणातील बी. सुनीता प्रकरणात पतीच्या अपघाती मृत्यूनंतर भरपाई मिळालेल्या स्त्रीकडून दहा लाख रुपये फी घेऊनही वकिलाने आणखी तीन लाखांच्या धनादेशावर तिची सही घेतली, आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी फिर्याद लावली. ५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली व दाव्याच्या फलिताच्या टक्केवारीत फी मागणे हे सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. फी थकली म्हणून अशिलाचे दस्तऐवज अडवून ठेवण्याचा हक्कही वकिलास नाही, आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० सालीच तसा निर्णय झालेला आहे. वकिलाला आपल्या फीसाठी दावा लावता येतो. सातबाराचे उतारे, खरेदीखते आणि हुकूमनाम्याच्या नकला मात्र अशिलाच्याच असतात.

याच नात्याची दुसरी बाजू आहे गुप्ततेची. २०२५ च्या जूनमध्ये अंमलबजावणी संचालनालयाने अरविंद दातार व प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ अधिवक्त्यांना, त्यांनी दिलेल्या कायदेशीर सल्ल्यासंबंधी समन्स पाठवले आणि वकीलवर्गात खळबळ माजली. समन्स मागे घेतले गेले, तरी प्रश्न उरलाच. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन व न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांनी त्यावर निर्णय दिला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना संरक्षण दिले आहे. त्या काढून घेण्यासाठी तपासी अधिकाऱ्याला वकिलास बोलावता येणार नाही, आणि प्रकरण कायद्यातील अपवादांत बसत असेल तर तो अपवाद समन्समध्ये नमूद करून, पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून खालचा नसलेल्या वरिष्ठाची लेखी संमती घ्यावी लागेल. अपवाद उघड आहेत: गुन्हा करण्याच्या हेतूने सल्ला मागितला असेल किंवा वकीलपत्र घेतल्यानंतर गुन्हा वा फसवणूक घडत असल्याचे वकिलास दिसले असेल, तर संरक्षण नाही. वकिलाला मिळालेले हे कवच वस्तुतः अशिलाचे आहे. मनातले भय, झालेली चूक, लपवलेला कागद हे सारे एका माणसापाशी निर्धास्तपणे सांगता यावे यासाठी ते आहे, आणि ज्या समाजात तेवढेही सांगता येत नाही तेथे बचावाचा हक्क नावापुरताच उरतो.

लोखंड बाजारातील व्यापाऱ्यांनी २५ सप्टेंबर २०२५ च्या संजाबिज तारी प्रकरणातील निर्णयाची आवर्जून माहिती घ्यावी. गोव्यातून आलेल्या या प्रकरणात धनादेशाच्या खटल्यांचा साचलेला ढीग पाहून न्यायालयाने नवे निर्देश दिले: समन्स फिर्यादीमार्फत हस्तदेय व इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावता येईल, आरोपीला रक्कम ऑनलाइन भरण्याची सोय असेल, आणि तडजोडीवरील खर्चही पूर्वीपेक्षा कमी. बचावाचा पुरावा नोंदवण्यापूर्वी रक्कम भरली तर काहीच खर्च नाही. त्यानंतर परंतु निकालापूर्वी धनादेशाच्या रकमेच्या पाच टक्के, सत्र वा उच्च न्यायालयात साडेसात टक्के, सर्वोच्च न्यायालयात दहा टक्के. ज्याला देणे कबूल आहे त्याने पुढच्या तारखा मागण्यात आता काही लाभ नाही.

व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसंबंधीचे दोन निर्णय थोडक्यात सांगतो. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात सनद घेताना कायद्यात ठरलेल्या शुल्कापलीकडे पैसे घेण्यास मनाई झाली. सर्वसाधारण उमेदवारास ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये एवढेच ते शुल्क आहे, ओडिशात मात्र ४२ हजारांहून अधिक रक्कम घेतली जात होती. २० मे २०२५ च्या निर्णयाने दिवाणी न्यायाधीशाच्या प्रवेश परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, आणि ती मला सर्वथा योग्य वाटते. ज्याने कोर्टात अशिलासोबत तिष्ठत दिवस काढलेला नाही, त्याने थेट न्यायासनावर बसून तारीख देऊ नये.

आता वाचकाला एवढीच विनंती. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. फीची पावती मागा. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल घरी ठेवा. तक्रारीची वेळ आलीच तर ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करायची, पण आपल्या वकिलाविरुद्ध: विरुद्ध पक्षाच्या वकिलाशी आपले वकील-अशिलाचे नाते नसल्याने त्याच्याविरुद्धची तक्रार सहसा टिकत नाही, आणि अशा एका प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चालवणाऱ्या बार कौन्सिललाच ५० हजार रुपये खर्च भरायला लावला. शिस्तपालन समितीने तक्रारीचा निकाल एका वर्षाच्या आत द्यावा असे कायदा सांगतो. तो दिला नाही तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते.