कुलाबा किनाऱ्यावरील बायबलोक्त नांवें : हिब्रू कोणतीं व ग्रीक कोणतीं

कुलाबा (इ. स. १९८१ पासून रायगड) जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एखाद्या मोडी कागदांत 'हसाजी' हें नांव लागलें, तर वाचक बहुधा 'हंसाजी' असें वाचून पुढें जाईल, कारण मोडींत अनुस्वार सर्रास गाळला जातो. हंबीरराव मोहित्यांचें मूळ नांव हंसाजी हें सर्वांस ठाऊकच आहे. परंतु याच किनाऱ्यावरील बेने इस्राएलांत हसाजी म्हणजे यहेज्केल होय.

हिब्रू नांवाची ठळक खूण म्हणजे त्यांत गुंफलेलें देवाचें नांव. शेवटीं 'एल' आला (शमुवेल, यहेज्केल, दानीएल) किंवा 'या' आला (एलीया, यशया), कीं मूळ बहुधा हिब्रू समजावें. नव्या करारांतील ग्रीक नांवें पुष्कळदां साध्या अर्थाचीं असतात : पेत्र म्हणजे खडक, स्तेफन म्हणजे मुकुट, फिलिप्प म्हणजे अश्वप्रेमी. थोमा मात्र या दोहोंतही बसत नाहीं. तें अरामी असून त्याचा अर्थ जुळा असा आहे.

आतां ही खूण बेने इस्राएलांस लावूं गेल्यास नेमकी तीच गळालेली दिसते. शमुवेलाचा 'एल' जाऊन तेथें आपला 'जी' बसला व समाजी झाला. यहेज्केलाचा हसाजी तसाच. एलीयाचा 'एल' आरंभीं असल्यामुळें एलोजींत तेवढा तगला. अब्राहामाचा अबाजी व रहमीमचा रामाजी हे तर हिंदु नांवांत पार मिसळून गेले. आडनांवाचाही आधार नाहीं. दिवेकर चित्पावनांतही आहेत. मुंबईस मांडवींत १७९६ सालीं सिनेगॉग बांधणारे समाजी हसाजी दिवेकर हेच सॅम्युएल एझिकिएल दिवेकर, हें माहीत नसतां केवळ नांवावरून कोण ओळखील ? (त्या सिनेगॉगास लोक मशीद म्हणत, मशीद बंदर हें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात.)

कोर्लईची गोष्ट निराळी. तेथील ख्रिस्ती वस्तींत अजून पोर्तुगीज वळणाची बोली चालते. चौल पोर्तुगीजांकडे होतें तें १७४० सालीं मराठ्यांकडे आलें. पोर्तुगीजांबरोबर आलेलीं नांवें ग्रीक व लॅटिन वाटेनें आलेलीं. पेद्रु व आंद्रे मुळांतच ग्रीक. जुआंव मात्र हिब्रू योहानान, वेष तेवढा परका. ग्रीकांत 'श' नाहीं, म्हणून मोशे, शिमोन यांचा 'स' झाला. आणि पुरुषनांवाच्या अंतीं 'स' जोडण्याची त्या भाषेची रीत, त्यामुळें यहूदाचा जूदास बनला. केवळ 'श'चा 'स' दिसला म्हणून ग्रीक मूळ ठरवूं नये. अरबी मूसा व सुलेमान यांतही 'स'च आहे.

या अंत्य 'स'चा प्रवास विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. कोंकणी मुसलमानांतील इलियास व युनुस हे म्हणजे एलीया व योना. त्यांच्या शेवटचा 'स' ग्रीक रूपाचाच अवशेष मानतात. म्हणजे एकाच संदेष्ट्याचें नांव या किनाऱ्यावर दोन वाटांनीं आलें : एलोजी व इलियास.

तेव्हां सुट्या नांवावरून जात वा धर्म लावूं नये. रामाजी एकटा असल्यास निर्णय अशक्य; पण रामाजी बिन हसाजी, भाऊ अकोबा (याकोब), असें कूळ जुळल्यास संशय पुष्कळ फिटतो. तेलाचा व्यवसाय व शनिवारीं घाणा बंद अशी नोंद सांपडल्यास उत्तमच, कारण यांसच 'शनवार तेली' म्हणत. शिवाय बेने इस्राएलांच्या थडग्यांवर पुष्कळ ठिकाणीं हिब्रू व मराठी असे दोन्ही लेख असतात. कागदावरील नांव तेथें ताडून पाहावें.