खाज्याचा पाक का चकाकतो?

गेल्या आठवड्यात आमच्या भागातले एक खाजेवाले दवाखान्यात आले. त्यांच्या मुलाने पाकाच्या टोपात पाणी घालून ते नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरले, तर पाणी फिकट हिरवे चमकले! ‘‘डॉक्टरानू, ह्यो पाक लोकांका बाधतलो मा?’’ आंगणेवाडीची जत्रा तोंडावर आलेली. चेहरा पार उतरलेला.

वाचकहो, यात भेसळ असेलच असे नाही. साखर तापली की तिच्यातले पाणी निघून जाते, उरलेले रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांतून कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात. आकार दहा नॅनोमीटरहून कमी, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागापेक्षाही लहान. त्यांच्या पृष्ठभागावर वनस्पतीतले ऑक्सिजन, नायट्रोजन चिकटून राहतात. इतका लहान आकार आणि हा पृष्ठभाग, यांमुळे ते अतिनील प्रकाश शोषून निळा-हिरवा उजेड बाहेर टाकतात. फार जाळले तर मात्र नुसता कोळसा होतो. करवंटीचा कोळसा चमकत नाही तो म्हणूनच.

गुवाहाटीच्या आयआयटीतील संशोधकांना 2012 साली असे कण पाव, बिस्किटे, साखरेचा करपवलेला पाक आणि चक्क गुळातही सापडले. म्हणजे आपले आजे-पणजे ते खातच आले! आपल्या अंबरनाथच्या संशोधन केंद्रात 2013 साली शिंगाड्याच्या सालींच्या अर्कापासून हे कण बनवले गेले. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दिसाव्यात, यासाठी त्यांचा उपयोग होऊ शकतो. पण ते काम प्रयोगशाळेतले. उद्या कोणी बाजारात ‘नॅनो काढा’ विकायला आला तर त्याला वाटेला लावा. घरी साली जाळून पिण्याचा खटाटोपही नको.

आणखी एक. चमकते ते सगळे कार्बनचेच असे नाही. पानांतले हरितद्रव्य त्याच दिव्याखाली लाल दिसते, ब जीवनसत्त्वाची पिवळी गोळी पाण्यात हिरवट चमकते. तेव्हा त्या दिव्याने पाकाची परीक्षा होत नाही. आणि मुलांनी त्यात डोळे घालून बघू नये, हे वेगळे सांगायला नको.

खाजेवाल्यांना हायसे वाटले. आलेच आहेत तर रक्तातील साखर बघू, म्हटले. जेवून दोन तास झाले होते; 240 निघाली. पाक चाखण्याचे काम आता मुलाकडे दिले आहे.